रामटेके मॅडमचं हाड

वारज्याच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये सूचना लागली की लोक ती दुसऱ्या दिवशी वाचत. पहिला दिवस रामटेके मॅडमचा असे. त्या ती लाल पेन घेऊन वाचत. ‘टाकी साफ करणेत येणार असलेने सर्व सभासदांनी पाणी भरून ठेवणेचे करावे’ या सूचनेखाली त्यांनी एकदा लिहिलं होतं, ‘टाकीच्या आधी हे वाक्य साफ करा.’ सेक्रेटरींनी सूचना बदलली. नव्या सूचनेवरही संध्याकाळपर्यंत लाल गोल उमटले.

विमल रामटेके सहकारी संस्थांच्या उपनिबंधक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. म्हणजे हाउसिंग सोसायट्यांच्या कमिट्या ज्या टेबलासमोर उभ्या राहून घाम पुसतात, त्या टेबलाच्या पलीकडे त्यांची सगळी नोकरी झाली. अशा बाईने निवृत्तीनंतर स्वतःच एका सोसायटीत राहायला यावं, हा त्या सोसायटीवर अन्यायच होता. आमच्या कमिटीने तो सोसला, कारण दुसरा इलाज नव्हता. फ्लॅट त्यांच्या नावावर होता आणि कायदा त्यांना पाठ होता.

उंच, काटकुळ्या, कांजी केलेली सुती साडी, गळ्यात चष्म्याची साखळी. फोन उचलला की ‘हॅलो’ नाही, ‘बोला’. कुणी काही सांगायला लागलं की दर दोन वाक्यांनी ‘पुढे?’ असा प्रश्न, त्यामुळे सांगणाऱ्याला आपल्या गोष्टीत दम नाही हे गोष्ट संपायच्या आधीच कळे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी गुलाबाच्या चित्रासह ‘शुभ सकाळ’ टाकलं, तर मॅडमचं उत्तर येई, ‘कशावरून?’ नवरा फार पूर्वी गेलेला, मूल नाही, एक धाकटी बहीण नागपुरात. हॉलमध्ये बुद्धाची एक छोटी मूर्ती, दोन खुर्च्या आणि पुस्तकं. दोनच खुर्च्या का, असं माझ्या बायकोने, मेघनाने, एकदा विचारलं. ‘तिसरा माणूस आला की चर्चा संपते आणि गप्पा सुरू होतात,’ असं उत्तर मिळालं.

आमचे चेअरमन लिमये काका. गोड बोलण्याचं त्यांना व्यसनच होतं. मॅडम राहायला आल्या त्या दिवशी काका स्वागताला गेले आणि म्हणाले, ‘रामटेके म्हणजे… मूळचे आपण?’

‘मूळची नागपूरची.’

‘नाही, म्हणजे तसं नव्हे. म्हणजे आपल्यात…’

‘आपल्यात म्हणजे कुणाकुणात?’

काका पेढ्यांचा बॉक्स ठेवून परत आले. हवी होती ती माहिती त्यांना मिळाली होती. ती विचारताना पकडलं गेल्याचा सल मात्र पुढे कायम राहिला.

मी घरून काम करतो. मॅडमच्या मते मी दिवसभर पायजम्यात बसून पगार घेतो. शिवाय माझ्याकडे गाडी आहे. या दोन गुणांवर त्यांनी मला त्यांच्या दातांच्या प्रकरणात सामील करून घेतलं.

मॅडमचे वरचे समोरचे चार दात हिरड्यांच्या दुखण्याने फार वर्षांपूर्वी गेले होते. त्या जागी चार दातांची काढ-घाल करायची पट्टी होती. हे सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. मॅडम इतक्या स्वच्छ बोलत, ‘ळ’ आणि ‘ण’ असे वेगळे काढून ठेवत, की त्यांच्या तोंडात काही उसनं असेल अशी शंकाच कुणाला येऊ नये. ती एका सव्वीस जानेवारीला आली.

झेंडावंदनाचं सूत्रसंचालन नेहमीप्रमाणे मॅडमकडे होतं. दुसऱ्या कुणाकडे दिलं तर त्या पहिल्या रांगेत बसून त्याच्या चुका काढत, त्यापेक्षा हे बरं. माइक हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘आपल्या प्रजासत्ताकाच्या…’ आणि त्या ‘प्र’बरोबर पट्टी सुटली. हवेत गेली आणि लिमये काकांच्या चपलेपाशी पडली. सगळी सोसायटी खाली बघायला लागली. काकांनी रुमाल काढला, पट्टी उचलली, मॅडमच्या हातात दिली आणि माइकमध्ये ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, ‘असू दे, असू दे. वयात होतं असं.’

मॅडमनी पट्टी पर्समध्ये टाकली, ओठ घट्ट मिटले आणि हाताने झेंड्याची दोरी ओढायची खूण केली. त्या वर्षी आमचं झेंडावंदन खुणांवर पार पडलं.

जिलेबी वाटताना काका पुन्हा जवळ गेले. ‘अहो, त्या कवळ्यांचा जमाना गेला. इम्प्लांट करून घ्या. हे बघा, माझ्या खालच्या दोन दाढा.’ त्यांनी तोंड उघडून दाखवलं. ‘माझं तर हाडसुद्धा कमी होतं. आधी हाड भरून घेतलं, मग दाढा. लोखंडासारख्या आहेत. कर्वेनगरला एक डॉक्टर बाई आहेत, हुशार मुलगी. माझं नाव सांगा.’

मॅडम गेल्या. काकांचं नाव काही त्यांनी सांगितलं नाही.

डॉक्टर ऋतुजा पवार तिशीतली, चटपटीत, आणि तिच्या वाक्यात क्रियापदापुरतंच मराठी. तिने मॅडमच्या जबड्याचा स्कॅन पडद्यावर लावला आणि सुरुवात केली, ‘मॅम, ॲक्च्युअली तुमचा बोन लॉस खूप सिव्हिअर आहे. रिज एकदम थिन झालीये, सो डायरेक्ट इम्प्लांट प्लेस करणं इज नॉट पॉसिबल.’

‘मराठीत सांगा,’ मॅडम म्हणाल्या.

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या, ब्रश हातात घेऊन हसणाऱ्या दाढेच्या चित्राकडे बघितलं.

‘म्हणजे… जबड्याचं हाड झिजलंय. दात असला की चावताना हाडावर दाब येतो, त्यामुळे हाड टिकतं. दात गेला की त्या हाडाला काम उरत नाही. मग शरीर ते हळूहळू काढून घेतं. म्हणून तर तुमची पट्टी सैल झाली. तिच्या खालची जागाच खचलीये.’

‘म्हणजे ज्याला काम नाही त्याला शरीर पोसत नाही.’

‘एक्झॅक्टली. म्हणजे, बरोबर.’

‘सरकारी खात्याच्या अगदी उलट,’ मॅडम म्हणाल्या. ‘पुढे?’

पुढचं असं होतं. इम्प्लांट म्हणजे एक छोटा स्क्रू, तो हाडात बसवतात आणि त्यावर दात चढवतात. पण स्क्रूला धरायला हाड जाड हवं. मॅडमचं होतं कागदासारखं. म्हणून आधी हिरडी उघडायची, हाडाची बारीक भुकटी तिथे भरायची, वरून पातळ पडदा घालायचा आणि शिवून टाकायचं. मग निदान सहा महिने वाट बघायची. तेवढ्यात भुकटीच्या आधाराने मॅडमचं स्वतःचं हाड तिथे वाढतं. मग स्क्रू, मग पुन्हा काही महिने, मग दात.

‘भुकटी कुणाच्या हाडाची?’ मॅडमनी विचारलं.

ऋतुजा पहिल्यांदाच अडखळली. ‘ते… प्रोसेस्ड असतं मॅम. पूर्ण शुद्ध केलेलं. फक्त त्यातलं खनिज उरतं.’

‘शुद्ध केलं हे समजलं. काय शुद्ध केलं?’

‘बोव्हाइन असतं.’

‘म्हणजे गोवंशाचं.’

‘हो. म्हणजे नको असेल तर दुसरे पर्याय आहेत, कृत्रिमही मिळतं. पण माझा हात यावर बसलाय. जवळजवळ सगळ्या पेशंटना मी हेच वापरते.’ मग तिने आवाज खाली आणला. ‘खरं सांगू? मी सांगायला लागले तरी लोक थांबवतात. म्हणतात, डॉक्टर, ते तुम्ही बघा. सही कुठे करायची ते सांगा.’

‘मला चालेल,’ मॅडम म्हणाल्या. ‘आणि “मॅम” म्हणू नका. शेळी बोलावल्यासारखं वाटतं.’

आता त्याच सुमाराला सोसायटीत काय चाललं होतं ते सांगायला हवं. बी विंगमध्ये पायल आणि निकिता अशा दोन नर्स भाड्याने राहायला आल्या होत्या. दोघी वर्ध्याकडच्या, एका खासगी हॉस्पिटलात नोकरीला. रविवारी सुट्टी असली की त्या सुकट भाजत. सुकटीचा वास कमिटीची परवानगी घेऊन जिना चढत नाही. लिमये काकांचं घर बरोबर वर होतं. त्यांनी मुलींना कधी काही म्हटलं नाही. जिन्यात भेटल्या की ‘कशा आहात बाळांनो’ म्हणत. फक्त वार्षिक सभेच्या विषयांत एक विषय वाढला, ‘यापुढे सदनिका शाकाहारी कुटुंबांनाच भाड्याने देण्याबाबत व सध्याच्या भाडेकरूंबाबत विचार करणे.’

मॅडमना या मुलींचा विशेष पुळका होता असं समजू नका. पायल स्कूटर आडवी लावते म्हणून त्यांनी तिला दोनदा झापलं होतं. एकदा तिने जिन्यातून ‘मॅडम, मी काढून राहिली ना गाडी’ असं म्हटलं, तेव्हा मॅडम तिथेच थांबल्या. ‘काढून राहिली नाही. काढते आहे. म्हणा.’ पोरीने म्हटलं. ‘पुन्हा म्हणा.’ तिने पुन्हा म्हटलं, आणि तिचे कान लाल झाले. मी दूध घेऊन जिन्यात उभा होतो. मला ते आवडलं नाही. पण मॅडमना तसं तोंडावर सांगण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती.

सभेच्या विषयाची नोटीस मात्र त्यांनी लाल पेन न काढता वाचली. हे वाईट लक्षण होतं.

सभेची तारीख लिमये काकांनी मॅडमच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रविवारची ठेवली. मुद्दाम ठेवली असं मी म्हणणार नाही. ठेवली, एवढंच म्हणेन. मी मॅडमना सुचवलं, ‘शस्त्रक्रिया पुढे ढकलू या का? डॉक्टरांना मी विचारतो.’

‘माझं हाड लिमयेंच्या सोयीने भरायचं का?’

‘पण तुम्हाला सभेत बोलता नाही येणार.’

‘साळुंखे, मी चाळीस वर्षं सभा ऐकल्या आहेत. बोलायची गरज फार क्वचित पडते.’

शस्त्रक्रिया मंगळवारी झाली आणि नीट झाली. बाहेर आल्यावर ऋतुजाने सूचना सांगितल्या. थंड आणि मऊ खायचं. पट्टी दोन-तीन आठवडे घालायची नाही, तिचा दाब भरलेल्या हाडावर यायला नको. ओठ वर करून आरशात बघायचं नाही, टाके ताणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलायचं नाही. अगदी गरजेपुरतं, तेही हळू. मॅडमचा चेहरा वरच्या ओठापासून सुजला होता. त्यांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं, ‘रस्ता चुकलात. डावीकडे होता.’

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. मॅडम तोंडावर पदर धरून शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. निकिता आणि पायल सभासद नसल्यामुळे जिन्याच्या पायरीवर. लिमये काकांनी तो विषय काढला आणि फार हळवेपणाने मांडला. कुणाच्याही खाण्याला आपला विरोध नाही. ज्याने त्याने आपल्या घरी काय खायचं ते खावं. फक्त ते घर आपल्या सोसायटीत नसावं. आपली एक संस्कृती आहे. लहान मुलं आहेत. वासाने त्यांच्या हिला उमासे येतात. मुली चांगल्या आहेत, पण एका महिन्यात त्यांनी दुसरीकडे सोय बघितली तर सर्वांनाच बरं.

‘कुणाला काही बोलायचंय?’ काकांनी विचारलं आणि शेवटच्या रांगेकडे बघून मायेने म्हणाले, ‘रामटेके मॅडमना डॉक्टरांनी मनाई केली आहे, तेव्हा त्यांना त्रास द्यायला नको.’

मॅडम उभ्या राहिल्या. पदर खाली केला. त्यांचं सुजलेलं, समोरून रिकामं तोंड आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

‘फभाफद हो,’ त्या म्हणाल्या.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग पुढेही हसले. सेक्रेटरींनी खोकल्याचं निमित्त केलं. ज्या बाईने गेली कित्येक वर्षं आमच्या प्रत्येकाचा ‘श’ आणि ‘ष’ तपासला होता, तिच्या तोंडातून आता हवा निघत होती, आणि खोटं कशाला बोलू, सोसायटीला बरं वाटत होतं.

मॅडम हसणं संपेपर्यंत थांबल्या. मग बोलायला लागल्या. हळू नाही. आधी कायदा सांगितला. भाडेकरूने काय खावं हे ठरवायचा अधिकार सभेला नाही, असा ठराव केला तर तो निबंधक कार्यालयात टिकणार नाही, आणि तिथे टिकणार नाहीत अशा ठरावांचं पुढे काय होतं ते त्यांना ठाऊक आहे, कारण ते त्याच करत आल्या आहेत. प्रत्येक शब्द वाकडा येत होता. न समजला असं वाटलं की त्या तो पुन्हा म्हणत, आमच्याकडे बघत, समजेपर्यंत. हसणं हळूहळू बंद झालं. मग चौकशा सुरू झाल्या, उपप्रश्न आले, कुणी पाण्याचा विषय काढला, कुणी जुना राग काढला, आणि मॅडम उभ्याच होत्या, उत्तरं देत होत्या.

शेवटी लिमये काकांचा गोडवा संपला. ‘कायदा राहू द्या हो. मनाचं काही असतं की नाही? तुमच्या तोंडात आता काय भरलंय ते ऐकलंय मी. ऑपरेशनच्या आधी तुम्हीच लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगत होतात. तुम्हाला चालतं. आम्हाला नाही चालत. आमचे संस्कार वेगळे आहेत.’



‘लिमये,’ मॅडम म्हणाल्या. त्या नावात अवघड अक्षर नव्हतं, त्यामुळे ते स्वच्छ आलं. ‘तुमच्या दोन दाढांखाली हाड भरलंय. सव्वीस जानेवारीला तुम्हीच सांगितलंत. डॉक्टर त्याच आहेत. ते हाड कशाचं आहे?’

‘ते… ते औषधी असतं. माझं वेगळं आहे.’

‘असेल. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. मी सही करण्याआधी विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत. आपल्या संस्कारांत एवढाच फरक आहे.’

काकांचा हात गालाकडे गेला. त्यांनी तो खाली घेतला, पण तो सगळ्यांनी पाहिला होता. लिमये काकू त्यांच्याकडे अशा बघत होत्या, की घरात गेल्यावर पहिला प्रश्न काय येणार ते शेवटच्या रांगेलाही कळलं. ठराव मताला टाकायचं कुणी नावच काढलं नाही. सेक्रेटरी पुढचा विषय वाचायला लागले. पुढचा विषय लिफ्टच्या पंख्याचा होता.

मॅडम खाली बसल्या आणि त्यांनी पुन्हा पदर तोंडाला लावला. जिन्याच्या पायरीवरून पायल उठली, सरळ त्यांच्यापाशी आली आणि काही न विचारता तिने तो पदर बाजूला केला. पदर लाल झाला होता.

‘टाके सुटले ह्यांचे,’ ती म्हणाली. निकिताने वर पळत जाऊन बर्फ आणि स्वच्छ कापसाच्या घड्या आणल्या. एकीने मॅडमचं डोकं धरलं, दुसरीने घडी दाबून धरली आणि मला सांगितलं, ‘दादा, गाडी काढा. बघत काय राहिले?’ मॅडमना हे वाक्य दुरुस्त करता आलं नाही. तोंडात कापूस होता.

रविवार असूनही ऋतुजा क्लिनिक उघडायला आली. तिने तपासलं, शिवलं, हातमोजे काढले आणि मॅडमसमोर स्टूल ओढून बसली.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘मी आपल्याला “बोलू नका” असं सांगितलं होतं. या दोन शब्दांतला नेमका कोणता शब्द अवघड गेला?’

मॅडम तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग त्यांनी माझा मोबाइल मागितला आणि टाइप केलं, ‘वाक्यरचना उत्तम.’

पण नुकसान व्हायचं ते झालंच होतं. जखम उघडल्यामुळे भुकटी बरीचशी निघून गेली होती, उरलेल्यात जंतुसंसर्ग झाला आणि पंधरा दिवसांत तीही काढावी लागली. महिने वाया गेले. गालाची सूज उतरली तरी वरचा ओठ आत गेलेला दिसे. मॅडम आता पट्टीशिवाय, तोंडावर पदर धरून लिफ्टमधून जात. सूचना लागत, चुकीच्या लागत, आणि तशाच राहत. मुलांनी एकदा गंमत म्हणून ‘सुचना’ असं पहिल्या उकाराने लिहिलेला कागद मुद्दाम लावला. दोन दिवस तो कोरा राहिला. तिसऱ्या दिवशी मीच काढला. बघवत नव्हता.

लिमये काका मात्र सभेनंतर एका बाजूने जेवायला लागले. गणपतीच्या जेवणात मी त्यांच्या शेजारी होतो. मोदकसुद्धा त्यांनी उजवीकडे सरकवून सरकवून संपवला. डॉक्टरांना त्यांनी विचारलं की नाही, कुणास ठाऊक. ऋतुजा कुणाचं काही कुणाला सांगत नसे. विचारलं नसावं, असं माझं मत. विचारलं असतं तर एकदाचं कळलं असतं आणि दोन्ही बाजूंनी जेवता आलं असतं.

जखम पूर्ण भरल्यावर ऋतुजाने पुन्हा स्कॅन केला आणि या वेळी वेगळा बेत सांगितला. मॅडमच्याच हनुवटीतून हाडाचा एक तुकडा घ्यायचा, वर बसवायचा, भोवती भुकटी. जास्त दुखेल, पण जास्त पक्कं होईल.

‘हनुवटीचं घ्या,’ मॅडम म्हणाल्या. ‘आयुष्यभर ती वर धरून मान दुखते आहे. जरा हलकी होईल.’

त्या दिवशी क्लिनिकला जाताना पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. विचारलं नसताना काही सांगायची त्यांची पद्धत नव्हती, म्हणून आवाज आला तेव्हा मला आधी रेडिओ वाटला.

‘पुण्याच्या ऑफिसात मी पहिल्यांदा रुजू झाले, तेव्हा साहेबांनी एक फाइल मागितली. मी म्हटलं, “साहेब, शोधून राहिली.” त्यांनी सगळ्या स्टाफला बोलावलं. म्हणाले, बाई, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हटलं. दुपारच्या चहाला त्यांना करमणूक हवी होती.’

‘मग?’

‘मग काय? त्या वर्षी मी मराठी शिकले. यांचं मराठी. आरशासमोर. यांच्यापेक्षा चांगलं शिकले, आणि मग यांनाच ते शिकवत सुटले.’ पुढच्या गाडीने हॉर्न वाजवला. ‘त्या पोरीलासुद्धा मी पुन्हा म्हणायला लावलं. तुम्ही दूध घेऊन उभे होतात.’

मी गाडी हातभर पुढे घेतली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘सभेत हसले तेव्हा मला वाटलं, बसावं खाली. मग वाटलं, हसणारे तेच आहेत, ऑफिस तेवढं बदललंय. मग नाही बसले.’ आणि लगेच, ‘सिग्नल सुटलाय, साळुंखे. माझ्या बालपणात पोचला असाल तर परत या.’

या वेळी त्या खरंच बोलल्या नाहीत. दोन आठवडे त्यांच्या घरातून आवाज म्हणून आला नाही. पायल आणि निकिता ड्यूटी सांभाळून आलटून पालटून पेज, गार खीर, मऊ भात नेत. मीही एकदा तिथे असताना पायल वाटी घेऊन आत आली. ‘मॅडम, थंडी करून आणून राहिली होती, म्हणून उशीर झाला.’ बोलून गेल्यावर ती दचकून थांबली. मॅडमनी वाटीसाठी हात पुढे केला. बाकी काही केलं नाही. त्यांच्या हॉलमध्ये तेव्हा तिसरी खुर्ची आली होती. प्लॅस्टिकची होती आणि बाकीच्या दोन्हींशी अजिबात जुळत नव्हती.

हाड धरलं. सहा महिन्यांनी ऋतुजाने पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, आधीचं कागदासारखं आणि आताचं भरीव. ती खूश होऊन म्हणाली, ‘हे बघा मॅडम. रुंदी अगदी समाधानकारक आहे. आता कुठलाही स्क्रू बिनधास्त बसेल.’ एकही इंग्रजी शब्द वापरलेला नव्हता, स्क्रू सोडला तर. त्या स्क्रूला प्रतिशब्द द्यायला मॅडमनी तोंड उघडलं, पण ऋतुजाने त्याच संधीचा फायदा घेऊन आत आरसा घातला.

स्क्रू बसले. पुन्हा थांबणं झालं. मग दात आले. ते आले त्या दिवशी मेघनाने शिरा केला. मॅडम म्हणाल्या, ‘आता कशाला शिरा? शिरा खाऊनच तर वर्ष काढलं.’ लिफ्टमध्ये दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यांबद्दलच्या सूचनेत पाच लाल गोल होते. सेक्रेटरींनी ते बघितले आणि मी सांगतो, त्यांना बरं वाटलं. मलाही.

थोड्याच दिवसांत नागपूरहून निरोप आला. बहीण घरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं. मॅडमनी निर्णय घ्यायला एक संध्याकाळ घेतली. फ्लॅट पायल आणि निकिताला भाड्याने दिला. तो निर्णय त्यांनी कमिटीला कळवला. विचारला नाही. लिमये काका अभिनंदन करायला गेले होते असं ऐकलं.

निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी फोन केला. ‘बोला’ म्हणायची पाळी या वेळी माझी होती, पण मला ते जमलं नाही. ‘खडकवासल्याला जायचंय,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला आणि मेघनाला वेळ असेल तर. नसेल तरी.’

धरणाच्या कडेला नेहमीची गर्दी होती. गाड्या, कांदाभजी, पोरांचे फोटो, वारा. मॅडमनी कणीसवाल्याकडे निखाऱ्यावरचं एक कणीस निवडलं, तिखट-मीठ आणि लिंबू चोळून घेतलं. मी म्हटलं, ‘मॅडम, डॉक्टर म्हणाल्या होत्या समोरच्या दातांनी अजून काही दिवस जपून…’ त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. उपनिबंधक असताना ज्या नजरेने कमिट्या बरखास्त होत असाव्यात, तीच.

मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, पाण्याकडे तोंड केलं आणि कणसात दात रोवले.

मी आणि मेघना उगाच श्वास धरून उभे होतो. काही तुटलं नाही. त्या एक ओळ खाऊन कणीस फिरवत, दुसरी ओळ खात, साडीचा पदर वाऱ्याने बाजूच्या माणसाच्या तोंडावर जात होता आणि तो बिचारा तो हळूच सोडवून घेत होता. कणीस संपलं. त्यांनी मागे न बघता हात लांब केला. मी दुसरं दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, एक घास घेतला आणि कणीस माझ्यापुढे धरलं. एका अंगाने ते कच्चंच राहिलं होतं.

‘साळुंखे,’ त्या घास चावत म्हणाल्या, ‘तुम्ही जाऊन भांडा. माझं तोंड कामात आहे.’